मांडीची बाहेरची बाजू

तात्यांचा फोन आला तेव्हा मी कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभा होतो. तात्या म्हणजे माझे वडील. ते मला फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं तर आईला सांगतात, आई मला सांगते, आणि माझं उत्तर त्याच वाटेनं परत जातं... एका घरात, एका पंगतीला बसून आमचं हे असं बरीच वर्षं चाललेलं. त्यामुळं फोनवर त्यांचं नाव दिसलं तसा मी लाइन सोडून बाहेर आलो. “अक्का गेली,” ते म्हणाले. “सकाळी चहा ठेवला आणि खुर्चीत बसली, ती उठलीच न्हाय. इंदापूरला ये. गाडी दमानं चालव.” एवढं बोलून फोन ठेवला. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. बारामती ते इंदापूर रस्त्यावर त्या दिवशी उसाच्या ट्रॉल्यांची नुसती रांग लागलेली. दोन ट्रॅक्टरवाल्यांना मी विनाकारण शिव्या घातल्या, आणि निमगाव केतकीच्या पुढं गाडी बाजूला लावून रडून घेतलं. तिच्या दारात रडलो असतो तर तिला आवडलं नसतं. “पेशंटपुढं रडायचं न्हाय” हा तिचा नियम, आणि तिच्या लेखी सगळं जग पेशंटच होतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिही असं दोघा-तिघांनी म्हटलं, आणि मी टाळत होतो. कारण तिच्याविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयी लिहावं लागतं, आणि माझ्या मांडीविषयीसुद्धा. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मांडीबिंडी येणार म्हटल्यावर काही लोक नाकं मुरडतील. मुरडू देत. आत्यानं हयातभर लोकांच्या मांड्या, दंड आणि कुल्ले बघितले, त्यांची बाळंतपणं केली, आणि त्याबद्दल ती कधी दबक्या आवाजात बोलली नाही.

ती नर्स होती. इंदापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर तिची सगळी नोकरी गेली. आधी सायकल, मग लुना, मग ज्याची मिळेल त्याची गाडी. पांढरी साडी, पायात चामडी चप्पल, आणि सकाळी अर्धा तास ओसरीवर बसून मिश्री घासायची. “नर्सबाई आणि मिश्री?” असं एका नव्या डॉक्टरनं तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, “तुमी सिगरेट वढता ती दवाखान्याच्या मागं जाऊन. मी म्होरं बसून घासती.” डॉक्टरांनी परत विषय काढला नाही. साखरेच्या पट्ट्यात राहून ती बिनसाखरेचा चहा प्यायची, कारण पन्नाशी ओलांडताच तिला मधुमेह जडला होता. मामा, म्हणजे तिचे मालक, लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. बारामतीजवळ पिंपळीला आमच्याकडं येऊन राहा असं तात्या दरवर्षी म्हणायचे आणि ती दरवर्षी म्हणायची, “तुझ्या घरात बसून मी कुणाला वरडू?”

मी तिच्या भावाचं पहिलं लेकरू. मुलगी झाली म्हणून घरानं बर्फी वाटली. आमच्याकडं बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मग जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. तसं तिनं माझंही नाव ठेवलं. ते नाव इथं लिहीत नाही. नाव वाईट नव्हतं, पण ते माझं नव्हतं, आणि हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. सांगायचं कुणाला आणि कुठल्या शब्दांत, ते मात्र कळत नव्हतं. चोविसाव्या वर्षी, स्थळं बघायचा घोर सुरू झाल्यावर, मी इंदापूरची एसटी पकडली आणि आत्यापुढं जाऊन बसलो. “आत्या, मी मुलगी नाहीये,” एवढंच बोलता आलं. पुढची वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही आठवेना. तिनं मिश्रीचं बोट तोंडातनं काढलं, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. “मला ठावं हाय,” म्हणाली. “तुला पयल्यांदा पाळी आली तवा मी तितंच हुती. पोरी रडत्यात, लाजत्यात, काय काय करत्यात. लई बघितल्यात मी. पन तू मुकी झालीस. चार दिस बोलली न्हाईस. तवाच माझ्या मनात आलं, हे काय तरी येगळं हाय.” मग उठून चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, “डाक्टर गाठू. चांगला. ह्या असल्या गोष्टीत मेडिकलवाल्याचं ऐकायचं नस्तं.”

ती माझ्यासोबत पुण्याला आली. एकदा नाही, पाच-सहा वेळा. डॉक्टरांपुढं माझ्यापेक्षा जास्त प्रश्न तीच विचारायची. रक्ताच्या तपासण्या कधी, लिव्हरचं काय, किती दिवसांनी, चुकलं तर काय. शेवटी डॉक्टर तिच्याकडं बघूनच बोलायला लागले आणि मी बाजूला पिशवी धरून बसायचो. हार्मोनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यायचं ठरलं. घरी आई आधी रडली, मग चिडली, मग परत रडली, आणि मग माझ्या शर्टांना इस्त्री करायला लागली. तात्या काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी जेवताना त्यांनी बोलणं थांबवलं ते थांबवलंच. मारलं नाही, हाकललं नाही, कुणापुढं नावं ठेवली नाहीत... पण जणू मी घरात काचेपलीकडं उभा होतो. ते मला फार लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर निदान उलटं बोलता आलं असतं.

आवाज फुटायला लागला तेव्हा आत्या पिंपळीला आली आणि आईला म्हणाली, “पयलं नाव मीच ठिवलं हुतं. चुकलं माझं. आता दुसरं ठिवती, मान माझाच हाय.” मला तिनं स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. पंचवीस वर्षांचा मी, मिसरूड फुटलेलं, आणि ती गुडघे दुखत असताना माझ्यावर वाकली, कानात एवढ्या जोरात कुर्रर्र केलं की कान वाजला, आणि म्हणाली, “अमोल.” मग आईकडं पाठ करून उभी राहिली. “घाल की बुक्की! रीत हाय न्हवं?” आईनं रडत रडत तिच्या पाठीत बुक्की घातली. पहिली हळू, मग दुसरी जरा जोरातच. आत्या कळवळून म्हणाली, “आगं भवाने, सगळ्या वर्साचा राग काढती व्हय?” आणि तिघंही हसत सुटलो. तात्या तेव्हा रानात होते.

इंजेक्शन मात्र कायमचीच पीडा होऊन बसली. दर तीन आठवड्यांनी पुण्याला जायला सुट्टी कोण देणार? गावाकडच्या एका कंपाउंडरकडं गेलो. पहिल्या वेळी त्यानं काचेची कुपी उजेडात धरून नाव वाचलं, दुसऱ्या वेळी “हे कशापायी घेतूस?” विचारलं, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत पारावरच्या लोकांनाही माहीत झालेलं. मी तणतणत इंदापूर गाठलं. “आत्या, तूच देत जा. तीन आठवड्यांनी एकदा, मी येतो.” मला वाटलं, ही बाई अख्ख्या तालुक्याला टोचत फिरली, मला एकट्याला कशी नाही म्हणेल? ती सरळ म्हणाली, “न्हाय.” मला खरंच राग आला. “का? हात विटाळतो का तुझा?” असं काहीतरी लागेल असं बोललो. ती शांतपणे म्हणाली, “तुला हे जल्मभर घ्यायचं हाय. मी जल्मभर न्हाय पुरत. शीक.”

मग शिकवणी सुरू झाली. परसातल्या झाडाची कच्ची पपई तिनं तोडून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. जाड सुईनं औषध ओढायचं, मग सुई बदलायची. तेलातलं औषध घट्ट असतं, म्हणून कुपी आधी मुठीत धरून कोमट करायची. सुई काटकोनात, एका दमात आत. दांडा सावकाश दाबायचा. मी टोचलं की पपईतनं पांढरा चीक यायचा, आणि मी तो बोटानं पुसायला गेलो की ती हातावर चापट मारायची. “पुसू नगं. बोळा ठिव, दाब.” चार रविवार मी पपईला टोचत होतो. पाचव्या रविवारी तिनं ओसरीवर खुर्ची टाकली आणि माझ्या मांडीला हात घातला. गुडघ्याच्या वर एक पंजा आडवा ठेवला, खुब्याच्या हाडाखाली दुसरा. “ह्या दोन हातांच्या मधी जी जागा ऱ्हाती न्हवं, तिची भाईरची बाजू. भाईरची. वर न्हाय, आत तर मुळीच न्हाय. पाय सैल सोड, ताठ धरलास तर दुखंल.” मी डोळे मिटले. “डोळं उघड, गाढवा, कुठं टोचतुयस ते कोण बघनार?” मी टोचलं. सुई बाहेर आली आणि तिच्यामागं रक्ताचा एक मोठा थेंब आला, आणि पायावरनं ओघळला.

रक्त बघून माझं काय झालं ते सांगायला हवं. ही इंजेक्शनं मी घेत होतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती दर महिन्याची पाळी बंद व्हावी हे. ती बंद झाली होती. आणि आता परत माझ्या अंगावरनं रक्त ओघळत होतं. मी थरथर कापायला लागलो. आत्यानं कोरडा बोळा माझ्या हातात कोंबला आणि माझा अंगठा धरून त्यावर दाबला. “बारक्या शिरा असत्यात कातड्याखाली. सुई जाताना एखादी लागती. लागू दी. दाबून धर, दोनशे आकडं मोज. मधी उचलून बघायचं न्हाय, आन चोळायचं न्हाय. काळंनिळं पडलं तर पडलं, आठ दिसात जाईल. पन दाबून बी थांबंना, मांडी फुगाया लागली, न्हायतर पायाला मुंग्या आल्या, तर शानपना न करता दवाखाना गाठायचा.” मी मोजत होतो. ती मध्येच म्हणाली, “आन हे रगत तुला आलेलं न्हाय, तू काढल्यालं हाय. दोन्ही एक न्हवं.” दोनशेपर्यंत पोचलो तेव्हा रक्त थांबलं होतं आणि माझं कापणंही.

त्याच दुपारी तिनं मला स्वतःची मांडी दाखवली. इन्शुलिनची वेळ झाली होती. “हे बी हार्मोनच, बरं का. तुझं मांसात जातं, माझं नुसतं कातड्याखाली, एवढाच फरक.” साडी वर घेतली आणि माझा हात धरून मांडीवर ठेवला. कातडीखाली सुपारीएवढ्या दोन-तीन गाठी लागल्या. मी हात मागं घेतला. “लाजतुस काय? आत्या हाय मी तुझी. चाचप. नोकरीत घाई असायची, म्हनून रोज एकाच जाग्यावर टोचलं. सोपं पडायचं. दुसऱ्यांना जागा बदला म्हनून सांगायची, आन माझी मी अशी. आता तितं औषध धड मुरत बी न्हाय.” तिच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदा ऐकली. तिनं भिंतीवरच्या कालदर्शिकेत माझ्या तारखांना डावी, उजवी, डावी, उजवी असं पुढच्या दिवाळीपर्यंत लिहून ठेवलं. त्यावर कुणी विचारलं तर सांगायची, “भाच्याची ड्यूटी हाय.”

तीन वर्षं सगळं नीट चाललं. मग मी माती खाल्ली. पाटाला पाणी आलं की मी आणि तात्या दोघंही हाफपँटवर उसाला पाणी द्यायला, दारं धरायला उभे राहतो. बोलणं नसलं तरी काम जमतं. एके दिवशी माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला चांगला रुपयाएवढा निळा डाग पडलेला, आणि वाकून पाण्यासाठी सरीचं बारं फोडताना तात्यांनी तो बघितला. बघितला आणि मान वळवली. मला त्या मान वळवण्यानं इतकं खजील केलं, की पुढच्या वेळेपासून मी जागाच बदलली. मांडीच्या आतल्या बाजूला टोचायला लागलो. तिथं हाफपँट झाकते, दोन्ही मांड्या एकमेकींना झाकतात, कुणाच्या बापाला दिसणार नाही! स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. तीन वेळा काही झालं नाही. चौथ्या वेळी, रविवारी सकाळी, इंजेक्शन घेऊन, घाईत बोळा नीट न दाबताच रानात गेलो. तास-दीड तासानं मांडी ओली लागली. चिखल उडाला असेल म्हटलं. समोर तात्या थांबले होते. त्यांची नजर माझ्या खाकी पँटवर. जांघेपासून गुडघ्यापर्यंत रक्त उतरलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं. “घरला जा,” एवढंच म्हणाले. ते काय समजले असतील ते मला कळलं. ती कुठली पाळी नाही, तात्या, ही सुई आहे, हे ओरडून सांगावंसं वाटलं... पण ते सांगायचं म्हणजे सगळंच बोलायला लागलं असतं, आणि आम्हाला बोलायची सवय राहिली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फडकं बांधून, मोटरसायकलला किक मारून मी निघालो तो थेट इंदापूर. वाटेत चार तरी दवाखाने लागले असतील. आत्यानं मला दारात बघितलं आणि काही न विचारता ओसरीवर आडवं केलं, फडकं सोडलं, आणि जागा बघून तिचा चेहराच उतरला. तिला घाबरलेलं मी त्या एकदाच बघितलं. मांडी टणक झाली होती. तळहातानं दाबून धरलं, पाय उशीवर घेतला, दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक हलवून बघितली. “सुन्न लागतंय का? मुंग्या? हितं कळतंय?” सगळं कळत होतं. मग रिक्षा बोलावून ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, आत रक्त साकळलंय, मोठी धमनी वाचली, नशीब म्हणाले. परत आल्यावर मात्र तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला असेल. “कुनी सांगितलं तुला आत टोचाया? मी? तितनं केवढी धमनी जाती, ठावं हाय? मेला असतास, मुडद्या!” मी सगळं सांगितलं. डाग, तात्यांची मान, हाफपँट. ती ऐकत गेली आणि तिचा आवाज हळूहळू खाली आला. “सुईची जागा लाजंला इचारून ठरवायची नस्ती रं,” म्हणाली. “लाज तुला नेमकं तितंच टोचाया लावनार, जितं टोचू नये. भाईरच्या बाजूला घ्यायचं. डाग दिसला तर दिसू दी. बघनाऱ्यानं बघावं.” मग माझ्या पायाखालची उशी सारखी केली. “त्यो इचारत न्हाय, तू सांगत न्हाईस,” एवढं मात्र दोनदा पुटपुटली.

त्यानंतर मी परत कधी आत टोचलं नाही. पण खरं सांगतो, डाग दिसू द्यायला काही शिकलो नाही. हाफपँट सोडून लांब पायजमा घालून चिखलात उतरायला लागलो, आणि इंजेक्शनला न्हाणीघरात कडी लावून बसायला लागलो, चाळीसच्या मिणमिणत्या बल्बखाली. आत्या फोनवर विचारायची, “झालं का? कुठली?” मी म्हणायचो, “डावी.” “भाईरनं?” “बाहेरनं.” “शाबास.” एवढाच फोन. पुढची सहा वर्षं, दर तीन आठवड्यांनी. आज मला दाढी आहे, आवाज आहे, नोकरी आहे, आणि आरशात बघून मान खाली घालावी लागत नाही. ह्यातलं कितीतरी त्या बाईनं दिलंय, आणि तेसुद्धा मला एकही इंजेक्शन न देता. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता, तर म्हणाली, “गप, चा पी.”

गेल्या रविवारी मी आणि तात्या तिचं घर आवरायला इंदापूरला गेलो. दोघंच. गाडीवर मागं बसून त्यांनी पन्नास किलोमीटरमध्ये “म्होरं खड्डा हाय” एवढं एकच वाक्य उच्चारलं. भांडी पोत्यात भरली, गाद्या बांधल्या, तिच्या पांढऱ्या साड्या कुणाला द्यायच्या हे न ठरल्यामुळं तशाच ठेवल्या. माझी तारीख त्याच दिवशी होती. इंजेक्शनची डबी खिशात होती. तात्या ओसरीवर बसलेले बघून मी हळूच न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली. दिवा लावायला गेलो तर वीज तोडलेली. खिडकी म्हणजे वर एक भोक. अंधारात कुपी फोडायला हात धजेना. बाहेर तात्या खाकरले.

“आत दिसायचं न्हाय,” म्हणाले. “भाईर ये. हितं ऊन हाय.”

मी कडी काढली. त्यांनी आत्याची खुर्ची ओसरीच्या कडेला ओढून ठेवली होती. मी उभाच राहिलो. नऊ वर्षांत ज्या गोष्टीचं आमच्यात नाव निघालं नव्हतं, ती माझ्या हातात, उघड्यावर. ते माझ्याकडं न बघता बोलत होते, जमिनीकडं बघून, पण बोलत होते. “औंदा उन्हाळ्यात अक्काच्या डोळ्याचं आपरेशन झालं आन ती दीड म्हैना आपल्याकडं ऱ्हायली. तिला सिरिंजवरचं आकडं दिसंनात. तू कामावर. तुझी आई म्हनली मी देती. तर अक्का म्हनली, न्हाय, माझा भाऊ दील.” आत्याला तेव्हा आईच इंजेक्शन देते असं मी धरून चाललो होतो. विचारलंही नव्हतं. “मला म्हनली, जनावरं टोचतुस तसं टोचू नगं, ही तुझी म्हस न्हाय, भन हाय. रोज दोन टायम तिच्या मांडीवर शिकलो मी. इंदापूरला परत निघाली त्या दिशी म्हनली, माझं कातड्याखाली हुतं, पोराचं मांसात असतं. हात असा ठिवायचा आन असा. आता तुला येतंय. त्याला कधी ताप आला, हात मोडला, तर त्यानं कुनाकडं जायाचं?” मग जमिनीवर बोटानं रेघ ओढत म्हणाले, “त्या दिशी रानात रगत बघून मी तोंड फिरवलं, ते बी बोलली. मी म्हनलं, मला वाटलं... तर म्हनली, वाटलं तर इचारायचं हुतंस.”

मी खुर्चीत बसलो. पँट वर होईना म्हणून सरळ काढून ठेवली आणि चड्डीवर बसलो, बापापुढं, भर दुपारच्या उन्हात. उजवीची पाळी होती. एक पंजा गुडघ्याच्या वर, दुसरा खुब्याखाली. सुई सरळ गेली. दांडा दाबून संपला, सुई बाहेर काढली, आणि रक्त आलं. थेंब नाही, चांगली धार. मी डबी चाचपली, तर बोळा खाली पडून मातीत लोळलेला. तात्या उठले. खिशातनं आत्याच्या कपाटातली कापसाची गुंडाळी काढली, तुकडा तोडला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अंगठ्यानं दाबून धरला. नांगर धरून धरून जाड झालेला अंगठा. त्या अंगठ्याचं वजन मला आठवत नव्हतं, इतकी वर्षं झाली होती.

“दुखतंय का, अमोल?” त्यांनी विचारलं.

हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. नाही म्हणालो. रक्त केव्हाच थांबलं असणार, दोनशेच्या पुढं कितीतरी गेलो होतो मी मनातल्या मनात. त्यांनी बोळा उचलला नाही, आणि मीही उचला म्हणालो नाही.